दीड मैलावरचा कालवा

नायगारा आम्ही चार वेळा पाहिला. भारतातून कुणी आलं की नायगारा, वॉशिंग्टन आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ही यात्रा ठरलेली. ग्रँड कॅनियन झालं, येलोस्टोन झालं. पण न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन टाउनशिपमधल्या आमच्या घरापासून जेमतेम दीड मैलावरचा कालवा बघायला आम्हाला तब्बल चौदा वर्षं लागली! बरं, त्यावरच्या पुलावरून गाडी रोज जायची. खाली पाणी आहे एवढंच ठाऊक होतं. कुठून येतं, कुठं जातं, हे विचारायला सवड कुणाला होती?

ती सवड काढायला लावली आमच्या बाबांनी.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. पुण्यात पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं नोकरी केलेली, रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस. इथं आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. रस्त्याला फुटपाथ नाही, बोलायला माणूस नाही. शनिवारी ब्रिजवॉटरचं देऊळ आणि रविवारी ओक ट्री रोडवरची भाजी, एवढाच काय तो विरंगुळा. तिसऱ्या आठवड्यात जेवता जेवता ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ रे." आमच्या दोघांच्याही घशात घास अडकला.

त्या शनिवारी काहीतरी करायचं म्हणून गॅरेजमध्ये टांगलेल्या सायकली काढल्या. चार वर्षांपूर्वी सेलमध्ये घेतलेल्या आणि मोजून चारदा चालवलेल्या! मुलं सायकलवर आणि बाबा गाडीत, अशी वरात ब्लॅकवेल्स मिल्सच्या पुलाशी पोचली. बाबा उतरले, कठड्याशी गेले आणि पाण्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, हा तर कालवा! काय उतार दिलाय बघ, पाणी चालतंय ते कळतसुद्धा नाही." गेल्या तीन आठवड्यांत त्यांच्या आवाजात असा उत्साह आम्ही ऐकला नव्हता.

हा डेलावेअर अँड रॅरिटन कालवा. १८३० ते १८३४ या चार वर्षांत तो खणला गेला, तोही बहुतांशी कुदळ-फावड्यांनी. खणणारे मजूर मुख्यतः आयर्लंडहून पोटासाठी आलेले. १८३२ साली पटकीची साथ आली आणि त्यातले कितीतरी जण इथेच गेले. मुख्य कालवा बॉर्डनटाउनपासून न्यू ब्रन्सविकपर्यंत ४४ मैलांचा. त्याला पाणी पुरवणारा २२ मैलांचा दुसरा फाटा रेव्हन रॉकजवळ डेलावेअर नदीतून निघतो आणि ट्रेंटनला येऊन मिळतो. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा या पाण्यावरून न्यूयॉर्ककडे जायचा. काठावरून खेचरं चालायची आणि दोरानं नावा ओढायची. आज आपण सायकल चालवतो ती वाट म्हणजे त्या खेचरांची वाट! पुढे वाफेच्या बोटी आल्या, मग रेल्वेनं धंदा पळवला आणि १९३२ नंतर इथली वाहतूक थांबली. १९७४ मध्ये त्याचं स्टेट पार्क झालं. पण कालवा निवृत्त झालेला नाही. मध्य न्यू जर्सीतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याला तो आजही हातभार लावतो. हे कळल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या मुठा कालव्याचाच भाऊ की!"

पुढच्या शनिवारी बाबांनी गाडीत बसायला साफ नकार दिला. "पुण्याच्या माणसाला सायकल शिकवता काय?" ही म्हणाली, बाबांचं वय सत्त्याहत्तर आहे, नको. आम्ही म्हणालो, थोडंसं चालवू देत. शेवटी डॉक्टरांना विचारून, सीट खाली करून, डोक्याला हेल्मेट बांधून बाबा निघाले. चालणारे लोक समोर आले की घंटी वाजवून "बाजू, बाजू!" ओरडायचे. भाषा न कळताही सगळे हसून बाजूला व्हायचे. ग्रिग्सटाउनच्या अलीकडे मात्र एका ओल्या लाकडी पुलावर चाक घसरलं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण आम्ही घाबरलो, आणि घाबरलेला माणूस बोलतो तसं बोललो, "आता पुरे. उद्यापासून सायकल बंद." बाबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर बाबा घरात नाहीत. फोन टेबलावर. फुटपाथ नसलेला रस्ता, वळणावर भरधाव गाड्या. पाऊण तास आम्ही वेड्यासारखे गाडी फिरवत होतो. शेवटी सापडले ते ब्लॅकवेल्स मिल्सच्या पुलाजवळच्या बाकावर. शेजारी गळ टाकून बसलेले एक वयस्क अमेरिकन गृहस्थ, आणि दोघांच्या हातवाऱ्यांवरून विषय मासे हाच असावा. आमचा चेहरा बघून बाबा एवढंच म्हणाले, "तुला काळजी वाटते ते कळतं रे. पण मी इथं राहायला आलोय. सांभाळून ठेवायला नव्हे."

यावर काय बोलणार? आम्ही शेजारी बसलो.

तिथं वाटेच्या एका हाताला कालवा आणि दुसऱ्या हाताला मिलस्टोन नदी. बाबांनी विचारलं, "पूर कुठवर येतो?" २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या वेळी नदीनं काय केलं होतं, आमच्या बेसमेंटमध्ये किती पाणी शिरलं होतं, ते सांगितलं. मग बाबा बोलायला लागले. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. नारायण पेठेतलं घर, गच्चीवर काढलेले तास, उतरलेल्या पाण्यानंतरचा चिखल, आणि त्या चिखलात सापडलेली वडिलांची सायकल. "पाण्याचं काम करायचं ते तेव्हाच ठरवलं," ते म्हणाले. आम्ही त्यांचा मुलगा, स्वतः इंजिनियर. पण हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तह असा झाला: सायकल चालू, पण ओल्या पुलावर उतरून चालायचं, एकट्यानं जायचं तर फोन खिशात. तिकीट बदललं नाही. ऑगस्टमध्ये थोरला कॉलेजला गेला, त्याच्या आदल्या रविवारी आजोबा आणि नातू दोघंच किंग्स्टनपर्यंत जाऊन आले. वाटेत काय बोलले ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

तर मंडळी, तुम्हीही निघा. वाट सपाट आहे, बारीक खडी दाबून बसवलेली. रेसच्या बारीक चाकांपेक्षा जाड चाकं बरी. नवशिक्यांनी कलोनियल पार्कपासून सुरुवात करावी. तिथली गुलाबांची बाग आजी-आजोबांना नक्की आवडेल. किंग्स्टनजवळ रॉकिंगहॅम हे घर आहे. १७८३ मध्ये जनरल वॉशिंग्टन तिथं राहिले होते. सतरा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे, मोठ्यांनी शहाणपणानं घालावं. पाणी बरोबर न्या. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीपासून दूर राहा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, ते नीट बघा. मोठा पाऊस झाला असेल तर वाट उघडी आहे का, याची आधी चौकशी करा. हिल्सबरोचं ड्यूक फार्म्स आणि हाय ब्रिजहून निघणारी जुन्या रेल्वेमार्गावरची कोलंबिया ट्रेलही झकास.

बाबा आता पुण्यात आहेत. दर रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न आमच्या तब्येतीचा नसतो. "कालव्याला पाणी किती आहे रे?"

उत्तर द्यायला जावंच लागतं.