रोज सात कोयना आकाशात

कोयना धरण काठोकाठ भरलं की त्यात १०५ टीएमसी पाणी मावतं. ॲमेझॉनचं जंगल दररोज सुमारे २,००० कोटी टन पाण्याची वाफ करून आकाशात सोडतं. म्हणजे रोज जवळजवळ सात कोयना. खुद्द ॲमेझॉन ही जगातली सर्वांत जास्त पाणी वाहून नेणारी नदी, पण तीही दिवसाकाठी समुद्रात ओतते ते १,७०० कोटी टनांच्या आसपास. डोक्यावरून वाहणारी नदी जमिनीवरच्या नदीहून मोठी आहे! ती वाऱ्याबरोबर पश्चिमेला जाते, अँडीज पर्वताला अडून दक्षिणेला वळते आणि हजारो किलोमीटर दूरच्या शेतांवर पाऊस होऊन पडते.

हा उपसा करणारी झाडं किती? शास्त्रज्ञांचा २०१३ सालचा अंदाज आहे ३९,००० कोटी. सेकंदाला एक या वेगाने, क्षणभरही न थांबता मोजत बसलं तर बारा हजारांहून जास्त वर्षं लागतील.

पण मला सर्वांत थक्क करतो तो यातला एक लहान आकडा. ब्राझीलमध्ये शिंगू नदीच्या खोऱ्यात कायापो आदिवासींचे एकमेकांना लागून असलेले प्रदेश आहेत. क्षेत्रफळ लाखभर चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा. आणि माणसं? दहा-बारा हजार. तान्ह्या बाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे धरले तरी माणशी आठ-दहा चौरस किलोमीटर जंगल. राखायची हद्द दोन हजार किलोमीटरहून लांब. तिच्या पलीकडे गुरांची कुरणं आणि सोयाबीन. उपग्रहाच्या चित्रांत ही हद्द कुणी पट्टी धरून आखल्यासारखी दिसते : आत गर्द हिरवं, बाहेर मातकट.

कायापो जंगलाला हात लावत नाहीत असं मुळीच नाही. ते लहान तुकडे तोडून शेती करतात, काही वर्षांनी ते पडीक टाकतात आणि तिथे पुन्हा रान माजू देतात. शिकार करतात, ब्राझील नट गोळा करून विकतात. हद्दीवर चौक्या उभारून पहाराही देतात.

अशा पहाऱ्याचं मोल देशभराच्या हिशेबात दिसतं. मॅपबायोमास या ब्राझीलमधल्या संस्थांच्या गटाने उपग्रहांवरून मोजलं : १९९० ते २०२० या तीस वर्षांत देशाने ६.९ कोटी हेक्टर नैसर्गिक वनस्पतींचं आच्छादन गमावलं, म्हणजे दोन महाराष्ट्रांहून जास्त. खासगी जमिनींवरचं २०.६ टक्के गेलं. आदिवासी प्रदेशांतलं गेलं फक्त १ टक्का. शिंगू खोऱ्यात जंगल तोडून कुरण किंवा शेत केलं, तिथे जमिनीचा पृष्ठभाग चार ते सहा अंशांनी तापल्याचंही अभ्यासकांना आढळलं आहे.

सोन्याच्या बेकायदा खाणी मात्र कायापोंच्या हद्दीतही घुसल्या आहेत आणि सोनं वेगळं करायला वापरलेला पारा नद्यांत उतरतो आहे. त्यात दुष्काळ. ॲमेझॉन खोऱ्यातल्या मानाउस शहरात रिओ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासून नोंदली जाते. २०२३ मध्ये ती नीचांकाला गेली आणि २०२४ मध्ये त्याच्याही खाली. आभाळच कोरडं पडलं तर हद्दीवरचा पहारेकरी काय करणार?

म्हणून निदान हद्द तरी पक्की हवी. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींचा परंपरागत भूमीवरचा हक्क मान्य केला. पुढे वाद उकरला गेला : राज्यघटना लागू झाली त्या, ५ ऑक्टोबर १९८८ या दिवशी जे त्या जमिनीवर होते, त्यांनाच हक्क. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट फेटाळली. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा करून ती परत आणली. ज्यांना त्या तारखेआधीच हुसकावून लावलं होतं, त्यांनी तिथे असल्याचा पुरावा आणायचा कुठून? अशी अट आदिवासींवर उघड अन्याय करणारी आहे, आणि ती लागू झाली तर तिची किंमत आकाशातल्या त्या नदीच्या पावसावर जगणारा प्रत्येक शेतकरी मोजेल.