वाट काढणारी बुद्धी

बुलढाणा जिल्ह्यातून जाणारी अजिंठ्याची डोंगररांग ही तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांमधील जलविभाजक, म्हणजे पावसाचे पाणी दोन दिशांना वाटून देणारी उंच भूमी आहे. चिखली तालुक्यातून वाहणारी पैनगंगा वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे जाते, तर उत्तरेच्या उतारावरील ज्ञानगंगा पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्राची वाट धरते. याच रांगेतील ज्ञानगंगा अभयारण्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ डिसेंबर २०१९ पर्यंत येऊन पोहोचला. त्याच्या गळ्यातील उपग्रहाशी जोडलेल्या पट्ट्याने, म्हणजे रेडिओ कॉलरने, सुमारे १३०० किलोमीटरची वळणावळणाची चाल नोंदवली. तरुण नर स्वतःचा प्रदेश, भक्ष्य आणि मादी यांच्या शोधात जन्मस्थान सोडतो, हे प्राणिशास्त्र सांगते. परंतु अनोळखी मुलखात पुढची दिशा कशी ठरते आणि तिला ‘विचार’ म्हणावे काय, हा अधिक अवघड प्रश्न आहे.

माणसापुरता तो प्रश्न थॉमस ग्लॅडविन यांनी ‘ईस्ट इज अ बिग बर्ड’ (१९७०) या ग्रंथात हाताळला. पॅसिफिक महासागरातील पुलुवाट बेटाचे नाविक ताऱ्यांच्या उदयास्ताच्या स्थानांवरून दिशा धरतात आणि प्रवासात होडी स्थिर असून बाजूचे एक संदर्भ-बेट ताऱ्यांखालून मागे सरकत आहे, असे मानून अंतराचा हिशेब ठेवतात. ही समजूत भाबडी नसून हिशेबाची सोयीस्कर रीत आहे, हे पटायला वाचकाला थोडा वेळ लागतो. एडविन हचिन्स यांनी ‘कॉग्निशन इन द वाइल्ड’मध्ये (१९९५) तोच धागा अमेरिकी नौदलाच्या जहाजापर्यंत नेला असून, जहाजाचे स्थान एकट्या अधिकाऱ्याच्या डोक्यात नव्हे, तर खलाशी, नकाशा आणि उपकरणे यांच्या परस्पर व्यवहारातून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ग्रंथ जड आहे. पुलुवाट ज्या मायक्रोनेशियात आहे, त्यावरील विवेचनापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही.

मराठीत या विषयाच्या सर्वांत जवळ मारुती चितमपल्ली येतात. वनखात्यात हयात घालवलेल्या या लेखकाचे ‘रानवाटा’ हे पुस्तक आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र सहसा शैलीसाठी वाचली जातात. वस्तुतः जंगलातील माणसे खुणा, आवाज आणि ऋतू यांवरून ज्ञान कसे जुळवतात, याची ती नोंद आहे. मात्र तिच्यात निरीक्षण आणि लोकश्रद्धा एकमेकांत मिसळलेली असल्याने ती वेगळी करण्याचे काम वाचकावरच पडते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये (१९६२) अशा प्रकारचे काम कठोरपणे केले. मातृदेवतांची कित्येक ठाणी प्राचीन भटक्या समूहांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत तिथे उभी आहेत, असा तर्क त्यांनी पायी फिरून, सूक्ष्म दगडी हत्यारांच्या आधारे मांडला. त्यांचा पुरावा मुख्यतः पुण्याच्या परिसरातील असल्याने पैनगंगेकाठच्या ठाण्यांना तो निष्कर्ष परस्पर लावता येणार नाही. पद्धत मात्र नकाशा, वही आणि चालण्याची तयारी यांच्या बळावर इथेही तपासून पाहता येते.