फिशटँक धुण्याआधी थोडं थांबा

नवा फिशटँक घरी आला की पहिले दोन दिवस कौतुकात जातात. रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं, बुडबुडे सोडणारा शिंपला, सगळं कसं लख्ख. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं दिसू लागतं. घरात निष्कर्ष ठरलेला: टाकी घाण झाली. मग मासे बादलीत, पाणी मोरीत, खडी नळाखाली आणि काचा घासून चकचकीत. टाकी पुन्हा भरली की दोन दिवस बरं वाटतं, आणि परत तेच पाणी. एखादा मासाही मग उलटा तरंगताना सापडतो.

हा फेरा धुण्यामुळेच सुरू राहतो.

पांढुरकेपणा येतो तो जिवाणूंमुळे. माशांची विष्ठा आणि तळाशी पडलेले दाणे हे त्यांचं खाद्य. नव्या टाकीत खायला भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही, त्यामुळे त्यांची संख्या तासाभरातही दुप्पट होऊ शकते. त्याच घाणीतून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही. पण माशांच्या कल्ल्यांना जाळतो. त्याचा बंदोबस्त करणारे जिवाणू वेगळे. काही जण अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच; नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. ही उपयोगी मंडळी फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस घेतात. शिवाय ती पाण्यात फारशी नसतात. खडीला, काचेला आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजला चिकटून राहतात. म्हणजे रविवारी घासूनपुसून काढलं जातं ते नेमकं टाकीचं सांडपाणी केंद्र. त्याची घडी नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

तेवढ्या काळात करायचं ते थोडंच. पांढरा ढग बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. जिवाणू प्राणवायू खातात, म्हणून हवेचा पंप रात्रीही बंद करू नये. मासे पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत असतील, तर तो धोक्याचा इशारा समजावा. दाणे एका वेळी दोन मिनिटांत फस्त होतील एवढेच टाकावेत, एखाद्या दिवशी टाकलेच नाहीत तरी मोठे मासे उपाशी मरत नाहीत. अमोनिया तपासण्याचा संच दुकानात मिळतो. त्यात अमोनिया दिसला, तर पाव हिस्सा पाणी बदलावं, सगळं नाही.

गढूळपणाशी झगडणारे आपण पहिले नाही. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. झाडाची पानं कुजू लागली आणि पाणी बिघडलं. वॉरिंग्टन यांनी भांडं रिकामं केलं नाही, तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं फस्त केली आणि भांडं सावरलं. घरगुती मत्स्यालयाच्या शास्त्राची सुरुवात अशी एका गढूळ पाण्यातून झाली. मात्र आजच्या टाकीत गोगलगायी सोडून सगळं निभावेल, असं समजायला नको. त्याही घाण करतातच.

प्रत्येक गढूळपणा जिवाणूंचा नसतो. एक पेलाभर पाणी काढून खिडकीच्या उजेडात तासभर ठेवून बघावं. तळाशी गाळ बसला, तर खडी नीट धुतलेली नव्हती. फिल्टर तो ओढून घेईल. हिरवी झाक असेल, तर ती एकपेशीय शैवालं. टाकीवर ऊन पडत असणार किंवा दिवा दिवसभर जळत असणार. टाकी चादरीने तीन-चार दिवस झाकून ठेवली आणि दिवा सहा-सात तासांवर आणला, की हिरवेपणा बहुधा हटतो. पाणी पारदर्शक पण पिवळसर-तपकिरी असेल, तर सजावटीच्या लाकडातून किंवा बदामाच्या वाळल्या पानातून टॅनिन उतरलंय. त्याने माशांचं काही बिघडत नाही; फायटर माशाला तर ते मानवतं.

पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवायची सवय असलेल्या घरांत ती फिशटँकमध्येही टाकायचा मोह होतो. ते मुळीच करू नये. तुरटीने पाण्याची क्षारता कमी होते, पाणी आम्लाकडे झुकतं आणि अशा पाण्यातलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना घातक ठरतं. दुकानात मिळणारी पाणी नितळ करणारी औषधंही मूळ कारणाला हात लावत नाहीत.

घडी बसलेल्या टाकीची निगा कंटाळवाणी म्हणावी इतकी सोपी असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत खडी धरून साधारण ५० लिटर पाणी मावतं. आठवड्याला त्यातलं बादलीभर, म्हणजे बारा-पंधरा लिटर, नळीने खडीच्या तळातून ओढून काढायचं. स्पंज पिळायचा तो याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उपयोगी जिवाणूंना मारतं. भरायचं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवावं किंवा त्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाकावेत.

राहिला तो गोल काचेचा बाउल, ज्यात एक गोल्डफिश घालून वाढदिवसाला भेट देतात. हा मासा भरपूर खातो, भरपूर घाण करतो आणि वीतभर वाढू शकतो. एवढ्याशा पाण्यात, फिल्टरविना, तिथलं पाणी कितीही वेळा बदललं तरी गढूळच होणार. असा बाउल विकत घेऊ नये आणि कोणाला भेटही देऊ नये.