वसाहतीतली सज्जन माणसे

बटाव्हस द्रोखस्टॉपल हा ॲमस्टरडॅमचा कॉफीचा दलाल. देवधर्म पाळणारा, व्यवहाराला चोख, कुणाची कवडी न बुडवणारा. कवी आणि कादंबरीकार खोटे लिहितात म्हणून त्याला त्यांचा मनस्वी राग. १८६० साली प्रसिद्ध झालेली 'माक्स हावेलार' ही डच कादंबरी याच गृहस्थाच्या तोंडून सुरू होते. त्याने जन्मात कुणावर हात उगारलेला नाही. पण तो जिच्यावर दलाली खातो ती कॉफी जावा बेटावरून येते, आणि ती तिथे कशी पिकवून घेतली जाते, हे ऐकून घ्यायची त्याची तयारी नाही.

युरोपीय वसाहतवादावर पुढे जे श्रेष्ठ कथात्म साहित्य लिहिले गेले, त्याचा गाभा मला या एका पात्रात दिसतो. चाबूक ओढणारा माणूस ओळखू येतो. त्याच्या मागे उभा असलेला, कायदा पाळणारा, रात्री स्वस्थ झोपणारा माणूस सहजी ओळखू येत नाही. कादंबरी त्याला गाठते आणि जाब विचारते.

'मुल्तातुली' या टोपणनावाने हे पुस्तक लिहिणारा एदुआर्द डाउवेस डेकर हा स्वतः जावामधला डच अधिकारी होता. १८३० पासून तिथे सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू होती. शेतकऱ्याने आपली काही जमीन आणि मेहनत कॉफी, ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायची, आणि त्यातून डच खजिना भरायचा. १८५६ मध्ये लेबाक जिल्ह्यात नेमणूक झाल्यावर डेकरने तिथल्या देशी सरदाराच्या लुबाडणुकीविरुद्ध वरिष्ठांकडे तक्रार केली. वरिष्ठांनी पाठराखण केली नाही, तेव्हा त्याने राजीनामा दिला.

कादंबरीत सैजा नावाच्या मुलाची कथा येते. सरदार त्याच्या बापाची म्हैस ओढून नेतो. बाप वाडवडिलांची कट्यार विकून दुसरी घेतो, तीही जाते. मग घरातले चांदीचे किडूकमिडूक विकून तिसरी येते. ही म्हैस वाघासमोर उभी राहून सैजाचा जीव वाचवते, आणि सरदाराची माणसे तिलाही नेऊन कापतात. आता विकायला काहीच उरलेले नाही. सारा थकल्यावर बाप गाव सोडून पळतो, पकडला जातो आणि तुरुंगात मरतो. म्हैस नेणारा देशी आहे, त्याला अभय देणारे गोरे आहेत आणि नफा तिसऱ्याच शहरात जमा होतो. साखळीतल्या प्रत्येकाला दोष दुसऱ्यावर ढकलता येतो. मुल्तातुलीचा राग या सोयीवर आहे.

जोसेफ कॉनराड १८९० मध्ये काँगोला गेला. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने तो अवाढव्य प्रदेश खासगी मालमत्तेसारखा ताब्यात घेतला होता. 'हार्ट ऑफ डार्कनेस' (१८९९) मधला मार्लो तिथली लूट डोळ्यांनी पाहतो आणि युरोपात परततो. तिथे मेलेल्या कर्ट्झ या हस्तिदंत गोळा करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या वाग्दत्त वधूला मात्र तो त्याच्या शेवटाबद्दल खरे सांगत नाही. त्या दिवाणखान्यातली शांतता टिकावी म्हणून तो खोटे बोलतो. कॉनराडला साम्राज्याचे मर्म कळले होते, यात शंका नाही. पण १९७५ मध्ये नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या व्याख्यानात आक्षेप घेतला: या कथेत आफ्रिकेची माणसे आहेत कुठे? गोऱ्या माणसाच्या मनाची पडझड दाखवायला एक अख्खा खंड नेपथ्य म्हणून वापरला गेला आहे. मला हा आक्षेप मान्य आहे, आणि तरीही कॉनराड वाचायलाच हवा असे वाटते. अन्यायाविरुद्ध लिहिणाऱ्याच्या दृष्टीलाही मर्यादा असतात, हे त्याच्याइतके क्वचितच कुणाकडून शिकायला मिळते.

अचेबे यांचे खरे उत्तर त्याआधीच, १९५८ मध्ये, 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधून आले होते. ओकोन्क्वो हा इग्बो समाजातला मानी पुरुष. त्याचे घर, शेत, देव, भांडणे, लग्ने हे सगळे आपण जवळून पाहतो. शेवटी तो गळफास घेतो, आणि इंग्रज जिल्हाधिकारी मनाशी ठरवतो की आपल्या नियोजित पुस्तकात या माणसावर एखादा परिच्छेद लिहिता येईल. आपण ज्या आयुष्यावर नुकतीच सबंध कादंबरी वाचली, त्याची त्या दप्तरात एवढीच किंमत. हा अधिकारीही क्रूर नाही. कामसू आणि नीटनेटका आहे.

मात्र अचेबे स्वकीयांना सूट देत नाहीत. ज्या पोराने ओकोन्क्वोला बाप म्हटले, त्या इकेमेफुनावर तो स्वतः कोयता चालवतो. ओकोन्क्वोचा मुलगा मिशनऱ्यांकडे ओढला जातो, त्यामागे ही जखम आहे. केनियाचे न्गुगी वा थिओंगो 'अ ग्रेन ऑफ व्हीट' (१९६७) मध्ये याच्याही पुढे जातात. स्वातंत्र्याच्या सोहळ्यात गाव ज्या मुगोला वीर म्हणून गौरवायला निघाले आहे, त्यानेच क्रांतिकारक किहिकाला इंग्रजांच्या हवाली केलेले असते. भर सभेत तो ते कबूल करतो. परकी सत्ता माणसांना एकमेकांविरुद्ध वापरते, आणि झेंडा बदलला म्हणून ते मिटत नाही.

इंडोनेशियाचे प्रामुद्या अनंता तूर यांनी हे सोसून लिहिले. स्वतंत्र देशाच्या सरकारने त्यांना खटला न चालवता बुरू बेटावर दहा वर्षे कैदेत ठेवले. लिहायची मनाई होती तेव्हा त्यांनी सोबतच्या कैद्यांना कादंबरी तोंडी सांगितली. १९८० मध्ये 'बुमी मानुसिया' प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर बंदी आली. तिच्यातली न्याई ओन्तोसोरो कोवळ्या वयात बापाने डच व्यवस्थापकाला विकलेली. ती शिकते, सगळा कारभार हिमतीने उभा करते. पण तिची मुलगी कुणाची, हे डच न्यायालय ठरवते, आणि युरोपीय कायद्यापुढे तिचे आईपण टिकत नाही. मुलीला बोटीत बसवून हॉलंडला धाडले जाते. सारे कायदेशीर, कागदोपत्री बिनचूक.

अल्जेरियाच्या कामेल दाऊद यांनी थेट फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूला जाब विचारला. 'द आउटसायडर' (१९४२) मध्ये नायक मर्सोच्या गोळीने मरणाऱ्या अरबाला नावच नाही. दाऊद यांच्या २०१३ च्या कादंबरीत त्याला नाव मिळते, मूसा, आणि त्याचा भाऊ हारून गोष्ट सांगतो. हारूनच्या हातूनही एका फ्रेंच माणसाचा खून होतो, १९६२ च्या जुलैत, स्वातंत्र्यानंतर. चौकशी होते ती त्याने हे काम आधी का केले नाही याची. आधी केले असते तर तो वीर ठरला असता.

आपल्याकडे गोव्याचा अनुभव फार जुना. महाबळेश्वर सैल यांची 'तांडव' पोर्तुगीज अमलातल्या धर्मांतराच्या काळात शिरते. कुणी देव घेऊन परमुलखात गेले, कुणी जमीन सुटू नये म्हणून धर्म बदलला. एकाला शूर आणि दुसऱ्याला भ्याड ठरवून हा इतिहास उलगडत नाही.

आणि मुंबई? अमिताव घोष यांच्या 'रिव्हर ऑफ स्मोक' (२०११) चा नायक बहराम मोदी हा मुंबईहून अफू घेऊन कँटनला गेलेला पारशी व्यापारी. दिलदार, प्रेमळ, नोकरांना जीव लावणारा. १८३९ मध्ये चिनी आयुक्त लिन झेशू यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त केली. त्या वादळात बहराम बुडतो. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. अफू आणि कापसाच्या चीन-व्यापारातून सर जमशेटजी जीजीभाय यांची संपत्ती उभी राहिली आणि तिच्यातून जे. जे. रुग्णालयासारख्या संस्था झाल्या. त्या संस्थांचे ऋण मान्य करूनही पैशाचा उगम विचारलाच पाहिजे.

मराठी ऐतिहासिक कादंबरी गडकोटांत आणि दरबारात रमली. १८१८ नंतरचे इंग्रजी अमलाचे शतक, म्हणजे कलेक्टर कचेरीतला कारकून, सावकार, साहेबाच्या पलटणीतला शिपाई, तिच्यात त्या मानाने फार कमी आले. सामग्रीची मात्र वाण नाही. १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुल्यांनी गोरा अधिकारी आणि देशी अंमलदार या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभे केले. डेकरने लेबाकमध्ये पाहिलेली साखळीच फुल्यांनी पुणे जिल्ह्यात पाहिली होती. त्या साखळीतली आपली कडी कोणती, हे दाखवणारी मोठी कादंबरी मराठीत लिहिली जायला हवी. ती लिहिताना इंग्रजांवरचा राग सोपा असेल. आपल्याच सज्जन पूर्वजांना प्रश्न विचारणे कठीण जाईल, आणि तिचा कस तिथेच लागेल.