लेसर कचरा जाळत नाही, त्याचा वेग मोडतो

‘अवकाशातला कचरा लेसरने उडवणार’ असा मथळा वाचला की एक लाल झोत, एक स्फोट आणि आकाश साफ, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तसा स्फोट झालाच तर दुखणं वाढेल. २००७ मध्ये चीनने क्षेपणास्त्र मारून स्वतःचाच फेंगयुन-१सी उपग्रह फोडला. त्याचे नोंदले गेलेले तुकडेच तीन हजारांवर आहेत.

लेसरचं काम ढकलण्याचं. तीव्र, पण निमिषभराचा झोत पडला की तुकड्याच्या पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाफ होऊन उडतो आणि तुकडा उलट दिशेला रेटला जातो. मग जमिनीवरून मारलेल्या झोताने तो आणखी वर नाही का जाणार? शंका रास्त आहे. म्हणूनच तो क्षितिजाकडून आपल्या दिशेने येत असतानाच झोत मारायचा. तेव्हा रेटा बराचसा त्याच्या गतीच्या विरुद्ध बसतो. आठशे किलोमीटर उंचीवर तुकडा सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावत असतो. त्यातले दीडेकशे मीटर घटले, तरी कक्षेची दुसरी बाजू खाली उतरून दाट हवेत शिरते. एका झोताचं हे काम नव्हे, त्याला असंख्य झोत लागतात. शेवटी तुकडा जाळतं ते वातावरण.

सगळाच कचरा असा काढता येईल, हाही भ्रमच. ‘नासा’च्या १९९६ च्या ओरायन अभ्यासाचा रोख होता १ ते १० सेंटिमीटरच्या तुकड्यांवर. याहून बारीक कण अंतराळ स्थानकाची ढाल झेलते, मोठ्यांचा माग काढून त्यांना चुकवता येतं; मधले मात्र दोन्हींतून निसटतात. टनावारी वजनाच्या मृत उपग्रहांना यांत्रिक हातासारखे दुसरे उपाय हवेत.

‘कचरा कधीतरी आपोआप पडेलच की!’ उंची कमी असेल तर, हो. २०१९ च्या आपल्या ‘मिशन शक्ती’ या चाचणीत क्षेपणास्त्राने उपग्रह फोडला तो तीनशे किलोमीटरच्या आत, त्यामुळे बहुतेक तुकडे काही महिन्यांत खाली आले. आठशेच्या वर मात्र ते अनेक दशकं फिरत राहतात.

आणि हा कचरा बेवारस नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार उपग्रह निकामी झाला तरी त्याची मालकी संपत नाही आणि नोंदणी करणाऱ्या देशाचाच त्यावर अधिकार राहतो, त्या देशाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. शिवाय कचरा ढकलणारा लेसर उद्या शेजाऱ्याच्या चालू उपग्रहावरही रोखता येईल, ही धास्ती कुठलंच लष्कर सोडायला तयार नाही. तूर्त कचऱ्यावर लेसर पडतो तो त्याचं अंतर मोजण्यासाठी.