टाकीतल्या समुद्राला कोणते पाणी हवे?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही तिथे घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक लावू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती पाण्याचीच. नळाचे पाणी चालणार नाही, शुद्ध पाणी लागेल, असे त्याला सांगितले जाते. मग प्रश्न पडतो, की ज्या पाण्यात शेवटी मीठच मिसळायचे, ते एवढे शुद्ध कशाला? आणि ते परवडायचे कसे? या प्रश्नांची उत्तरे माशांपुरती नाहीत. घरातल्या प्यायच्या पाण्याविषयीचे काही गैरसमजही त्यातून दूर होतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात नुसते सोडियम क्लोराइड नसते, तर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही ठरावीक प्रमाणात असतात. म्हणून स्वयंपाकाचे मीठ टाकीसाठी चालत नाही. सागरी मिठाचे तयार मिश्रण गोड्या पाण्यात विरघळवावे लागते. हवे ते सगळे त्या मिश्रणात असते. पाण्याने सोबत आणखी काही आणू नये, एवढीच अपेक्षा असते.

नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून मात्र नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, क्लोरीन आणि कधी कधी तांब्याचा अंशही येतो. टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते. त्यात विरघळलेले पदार्थ मागेच राहतात. ही तूट नळाच्या पाण्याने भरत गेले, की प्रत्येक तांब्याबरोबर नवी भर पडते. नायट्रेट आणि फॉस्फेटवर शेवाळ माजते. मावळातल्या बेसाल्ट खडकातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका असते. तिच्यामुळे काचेवर तपकिरी थर धरतो. तांब्याचा अगदी अल्प अंशही झिंगे, शंखातले जीव आणि समुद्रफुले यांना मारक ठरतो. क्लोरीन थेट माशांच्या कल्ल्यांवर घाव घालते.

कल्ल्यांची रचना पाहिली, की हा धोका नीट समजतो. तिथे माशाचे रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये पेशींचा अतिशय पातळ पडदा असतो. पाणी एका दिशेने वाहते आणि रक्त उलट दिशेने, त्यामुळे देवाणघेवाण अधिकाधिक होते. डायलिसिसच्या यंत्रातही हेच तत्त्व आहे. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये, मिनिटाला ५०० मिलिलिटर या दराने, सुमारे १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रुग्णाच्या रक्ताजवळून जाते. प्यायच्या पाण्यातले थोडे क्लोरामाइन पोटात गेले तर बाधत नाही. तेच डायलिसिसच्या पाण्यात राहिले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरू येथे डायलिसिसच्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे विष राहून गेले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. म्हणून डायलिसिस केंद्रांत पाणी आधी कार्बन फिल्टरमधून आणि मग आरओमधून जाते. खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठीही क्रम तोच आहे, फक्त प्रमाण लहान.

आता खर्चाचे पाहू. शंभर लिटरच्या टाकीत दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदलले, तर वर्षाला ५२० लिटर लागते. बाष्पीभवनाने रोज अर्धा ते एक लिटर जाते असे धरले, तर एकूण गरज सातशे ते नऊशे लिटरच्या घरात जाते. बाटलीबंद पाण्यावर हे भागवणे महागाचे आहे आणि उपयोगाचेही नाही, कारण त्यात अनेकदा चवीसाठी क्षार घातलेले असतात. जारच्या पाण्याचा दर्जा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. बॅटरीसाठी मिळणारे क्षारविरहित पाणी छोट्या टाकीला चालू शकते, पण ते कशा भांड्यात भरले आहे याची खात्री हवी. एसीतून ठिबकणारे पाणी फुकट असले तरी ते तांब्याच्या नळ्यांवरून येते, म्हणून टाळावे.

बहुतेक घरांत सर्वांत स्वस्त मार्ग स्वयंपाकघरातच असतो. प्यायच्या आरओ यंत्रात पडद्यातून आलेल्या पाण्यात चवीसाठी पुन्हा थोडे क्षार मिसळण्याची सोय असते. टाकीचे पाणी त्या जोडणीच्या आधीच काढून घ्यायचे आणि क्षार शोषणाऱ्या रेझिनच्या नळकांड्यातून सोडायचे. ही जोडणी कोणताही जाणकार तंत्रज्ञ करून देतो. पडदा क्लोरीन अडवत नाही, उलट क्लोरीनने तो खराब होतो. म्हणून आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदलणे महत्त्वाचे. घरगुती आरओ एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. ते गाडी धुण्यासाठी, फरशी पुसण्यासाठी वापरता येते. काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर जवळ असावा. रेझिननंतरचा आकडा शून्यावरून वर सरकू लागला, की रेझिन संपले असे समजावे.

लोणावळा-खंडाळ्यात चार महिने दुसरा मार्गही मोकळा असतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोन मीटर लांब-रुंद ताडपत्री आणि ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोनशे लिटर; जुलैत घाटमाथ्यावर एका दिवसात एवढा पाऊस पडणे नवलाचे नाही. तळेगावकडे उतरताना पाऊस झपाट्याने घटतो, तिथे हे गणित वेगळे करावे लागते. पावसाचे पाणी निसर्गानेच ऊर्ध्वपातित केलेले असते, मात्र हवेतली धूळ आणि काजळी घेऊन येते. म्हणून सुरुवातीचे पाऊस सोडून द्यावेत. महामार्गालगत किंवा कारखान्यांजवळ पाणी गोळा करू नये. पत्र्यावरून आलेले पाणी घेऊ नये, कारण पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. खाद्यपदार्थांच्या दर्जाच्या प्लॅस्टिक पिंपात साठवावे आणि वापरण्यापूर्वी कार्बन व रेझिनमधून काढावे.

इथे आरोग्याचा पहिला इशारा. उघडे पिंप म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाचे माहेरघर. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. पिंपाला घट्ट झाकण हवे, किंवा ते आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करायला हवे. दुसरा इशारा हातांविषयी. फिश टँकमध्ये मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद राहू शकतो. हाताला जखम असताना टाकीत हात घातला, तर काही आठवड्यांनी तिथे गाठ किंवा न भरणारा व्रण दिसू लागतो आणि उपचार काही महिने चालतात. म्हणून हातमोजे घालावेत, पाणी काढण्याची नळी तोंडाने ओढू नये आणि असा व्रण दाखवताना घरात टाकी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. टाकीसाठी टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणी उत्तम, पण म्हणून ते पिण्यासाठीही उत्तम ठरत नाही. मीटर विरघळलेले क्षार मोजतो. त्याला जंतू दिसत नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. त्या भागातील काही खासगी आरओ प्रकल्पांचे पाणीही पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ते प्रकल्प बंद केले. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. नंतर हाताळताना जंतू शिरले, तर त्यांना रोखणारे काही नसते.

भारतीय मानकानुसार प्यायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. मावळातल्या धरणांचे पाणी पावसाचे, डोंगरउतारावरून आलेले. बोअरच्या मानाने ते हलके असते. अशा पाण्यातले उपयोगी क्षार आरओने काढून टाकण्यात आरोग्याचा फायदा नाही. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब होतात ते जंतूंमुळे. त्यावर उकळणे, यूव्ही, किंवा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकतो ती टीसीएल पावडर हेच उपाय आहेत. म्हणजे ज्या क्लोरीनने टाकीतला मासा मरतो, तेच घरातल्या माणसांना वाचवते. म्हणून रेझिनच्या नळाला वेगळी तोटी लावावी, तिच्यावर ‘फक्त टाकीसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवावी आणि प्यायच्या पाण्यासाठी टीडीएसचा आकडा सोडून आधी जंतूंची काळजी करावी.