केळ्यातल्या डीएनएच्या पुढे

बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात डीएनए एकदा डोळ्यांना दिसतो. केळं कुस्करायचं, मीठ आणि साबणाचं पाणी घालून गाळायचं, वरून थंड अल्कोहोल सोडायचं. पांढरे तंतू तरंगून वर येतात. जर्नलमध्ये आकृती काढली की तास संपतो. ते तंतू वाचायचे कसे, हे पुस्तकातच राहतं. धाराशिव जिल्ह्यात हा तास पुढे नेता येईल असं मला मनापासून वाटतं, कारण त्याला लागणारं बरंच काही मराठवाड्यातच आहे.

इथली महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात 2020 मध्ये करोना चाचणीची प्रयोगशाळा उभी राहिली. आरटी-पीसीआर यंत्र विषाणू आहे की नाही एवढंच सांगतं. त्या विषाणूची सुमारे 30 हजार जनुकीय अक्षरं वाचायला सिक्वेन्सिंग लागतं. विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगरच्या आवारात पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. कॅनडाच्या या शास्त्रज्ञाने 2003 मध्ये दाखवलं, की माइटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचला तरी बहुतेक प्राण्यांची प्रजाती ओळखता येते.

पदवीच्या वर्गासाठी सुरुवात इथूनच व्हावी. तेरणेतला मासा घ्यावा, तुकडा पीसीआरने वाढवावा, वाचून आलेली अक्षरं जगभरच्या खुल्या संग्रहाशी ताडून पाहावीत. ताडण्याचं ‘ब्लास्ट’ फुकट आहे. त्याला इंटरनेट आणि धीर एवढंच लागतं.

या तुकड्याची, म्हणजे बारकोडची, मर्यादाही इथेच शिकवता येते. तो मटण शेळीचं की मेंढीचं हे सांगेल. शेळी उस्मानाबादी की संगमनेरी, हे सांगू शकणार नाही. त्यासाठी जीनोमभर फिरावं लागतं. शेळीचा पहिला संदर्भ जीनोम 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, तोही चीनमधल्या युन्नानच्या काळ्या शेळीचा. आपली काळी उस्मानाबादी शेळी तर जुळ्या करडांसाठी नावाजलेली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोल मेंढीतलं एक जनुकरूप दख्खनी मेंढीत आणलं. त्यातल्या एका अक्षराच्या बदलाने जुळ्यांचं प्रमाण वाढतं. उस्मानाबादी शेळीत काय घडतं, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, की जीनोम त्याच्या गोठ्याशी येऊन उभा राहतो.

सिक्वेन्सिंगचं यंत्रही आता अवाढव्य राहिलेलं नाही. ऑक्सफर्ड नॅनोपोरचं मिनआयन साधारण 100 ग्रॅमचं. ते यूएसबीने संगणकाला जोडतात. डीएनएची साखळी प्रथिनाच्या सूक्ष्म छिद्रातून सरकते, विद्युतप्रवाह बदलतो आणि त्या चढउतारावरून अक्षरं ओळखली जातात. यंत्रापेक्षा दर वेळच्या रसायनांचा आणि फ्लो सेलचा खर्च जड जातो, म्हणून अनेक महाविद्यालयांनी नमुने एकत्र करून चालवणं शहाणपणाचं.

अमेरिकेत 2008 पासून ‘सी-फेजेस’ उपक्रमात पदवीचे विद्यार्थी मातीतून जिवाणूभक्षी विषाणू शोधतात, त्याला नाव देतात, त्याचा जीनोम वाचून जनुकं हुडकतात. आपल्या विद्यार्थ्यांना माती आणि गोठा दोन्ही जवळ आहेत. मात्र शेळीचा नमुना घेताना पशुवैद्यक सोबत हवा, आणि गाव, शेळीचं वय, कितवं वेत, किती करडं ही नोंद त्याच दिवशी वहीत हवी. ती नसेल तर कोट्यवधी अक्षरं वाचूनही जुळ्यांच्या प्रश्नाला हात घालता येणार नाही.